भीती नेमकी कुठे आहे

चीअरलीडिंगमध्ये जिला वर उचलतात तिला फ्लायर म्हणतात. तिला शिकायला सगळ्यांत अवघड जाते ती गोष्ट अशी, की वर गेल्यावर तोल तिनं सांभाळायचा नसतो. तो खालच्या तिघींनी सांभाळायचा. तिनं गुडघा ताठ ठेवायचा, पोट आणि मांड्या आवळून धरायच्या, खांदे वर खेचायचे, नजर समोर ठेवायची आणि पावलानं काहीही करायचं नाही. आपण डावीकडे कलतो आहोत असं वाटलं की शरीर आपोआप उजवीकडे झुकतं. चालायला लागल्यापासून ते हेच करत आलं आहे. इथे मात्र खालच्या मुलीही त्याच क्षणी तिला सावरायला तिच्याखाली डावीकडे सरकत असतात. दोन्ही दुरुस्त्या एकदम होतात आणि पोर उजवीकडून खाली येते. वरची स्थिर राहिली तर खालच्यांना तिचा कल हातात कळतो आणि त्या तिच्याखाली येऊन उभ्या राहतात. ती स्वतःला वाचवायला लागली की तिला वाचवणं कठीण होतं.

माझी भाची टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत वाढली. धाकटी बहीण नर्स आहे. तिच्या पाळ्या बहुतेक संध्याकाळच्या, म्हणून भाचीला सरावाला नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मग तिच्या सरावात माझा जीव गुंतत गेला. लहानपणी दादरला मी दोरीचा मल्लखांब केलेला. शरीर हवेत धरायचं म्हणजे काय हे मला थोडंफार माहीत होतं, असं मला वाटायचं. पण दोरीवर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी असते, मांडीभोवती तिचा वेढा असतो. सगळी भिस्त आपल्याच पकडीवर. चुकलं तर आपलं चुकलं, सावरलं तर आपण सावरलं. फ्लायरच्या हातात काहीच नसतं. तिच्या एका पावलाखाली तीन जणींचे हात असतात आणि ते हात तिला दिसतही नाहीत, कारण खाली बघितलं की डोकं पुढे जातं आणि डोक्यामागून सगळं अंग. भाचीला ताकदीचे आणि ताणाचे व्यायाम मी दाखवू शकले. हा विश्वास मात्र मला माझ्या अनुभवातून देता येण्यासारखा नव्हता. तो मी तिच्याबरोबर बसून बघतच शिकले.

आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की २००८ पासून आयपीएलच्या सीमारेषेपलीकडे नाचणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात. मी बोलते आहे ते वेगळं. इथे ही स्पर्धा असते. बेचाळीस फूट लांब आणि चोपन्न फूट रुंद अशी स्प्रिंग बसवलेली तक्तपोशी, अडीच मिनिटांचं सादरीकरण, त्यात कोलांट्या, उड्या, नाच आणि माणसांवर माणसं. सुरुवात १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात झाली असं मानतात, आणि तेव्हा घोषणा देणारा पुरुष होता. कित्येक वर्षं हे पुरुषांचंच काम होतं. त्याचं प्रशिक्षण पद्धतशीर सुरू झालं ते टेक्सासमध्ये. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात चीअरलीडर असलेल्या लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ साली हंट्सव्हिलला पहिलं शिबिर घेतलं. त्यांच्या नावाची एक उडी आजही शिकवतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०२१ साली या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. आमच्या भागात शाळकरी मुलींना हे सगळं घरचंच वाटतं. मराठी मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवून झाला की निम्म्या मुली चीअर, जिम्नॅस्टिक्स नाहीतर भरतनाट्यम यांपैकी कशाच्या तरी सरावाला पळतात.

स्टंटच्या, म्हणजे एकीला उचलून वर उभं करण्याच्या, पातळ्या ठरलेल्या आहेत. सुरुवातीला दोन्ही पायांवर, खालच्या मुलींच्या खांद्याइतक्या उंचीवर उभं राहायचं. याला प्रेप म्हणतात. मग दोन्ही पायांवरच, पण खालच्यांचे हात डोक्यावर पूर्ण ताठ, हे एक्स्टेन्शन. एका पायावर उभं राहणं आधी खांद्याच्या उंचीवर येतं आणि तिसऱ्या पातळीपासून हात पूर्ण वर असताना. पुढे वर जाता जाता गिरकी, हवेतल्या हवेत पाय बदलणं, उलटं होऊन वर जाणं. कागदावर हा चढता जिना दिसतो, आणि पालकांना तो तसाच दिसतो. तिसरी पातळी म्हणजे दुसरीपेक्षा एक पायरी वर. पण वरच्या मुलीच्या दृष्टीनं खांद्याच्या उंचीवरून पूर्ण उंचीवर जाण्यात आणखी एक फरक आहे. खांद्यापाशी असताना खालच्यांचे कोपर अंगाला चिकटलेले असतात, मनगटावरचा भार छातीकडे जातो, आणि गरज पडली तर त्या तिला लगेच उतरवून घेऊ शकतात. हात सरळ झाले की खाली येताना तिला जास्त अंतर पार करायचं असतं आणि झेलणारे हात आधी मोकळे व्हावे लागतात. बारा वर्षांच्या मुलींचे हात पूर्ण वर गेले की फ्लायरची पावलं साधारण सहा फुटांवर असतात आणि तिचे डोळे दहा फुटांवर. एवढ्या उंचीवरून ती जे बघते ते आपण जमिनीवरून बघत नाही, हे मोठ्यांनी विसरू नये.

भाची एक्स्टेन्शनपर्यंत सहज आली. मग एका पायावर पूर्ण उंचीचा लिबर्टी सुरू झाला. उभा पाय ताठ, दुसरं पाऊल गुडघ्याजवळ, हात वर. आणि ती तिथे अडकली. खांद्याच्या उंचीवर तिचा लिबर्टी सुंदर उभा राहायचा. हात वर जायला लागले की अर्ध्यात तिचा गुडघा वाकायचा आणि ती स्वतःच खाली यायची. दर सरावाला तेच. तिच्या गटातल्या मुली वैतागल्या, कारण फ्लायर अर्ध्यातून खाली आली की तिचं सगळं वजन एखादीच्या खांद्यावर नाहीतर नाकावर येतं. आजूबाजूच्या आयांनी धीर दिला. भीती मनातून काढून टाक, तुला येतंय, फक्त विश्वास ठेव. बहिणीनं फोनवर हेच सांगितलं. तिची प्रशिक्षक मात्र असं काही बोलली नाही. ती वयानं फार मोठी नाही, कॉलेजात स्वतः बॅक स्पॉट होती, म्हणजे मागे उभी राहून झेलणारी. तिनं भाचीला गादीवर बसवलं आणि विचारलं, भीती शरीरात कुठे लागते?

पोर गोंधळली. मग म्हणाली, घोट्यात.

घोट्यात म्हणजे?

बाहेरच्या बाजूला. हात वर गेले की पाऊल बाहेर वळतं.

प्रशिक्षकानं लगेच तिघींना रिकाम्या हातांनी उभं केलं, फ्लायर नसताना. लिबर्टीत पावलाखाली दोन बेस, म्हणजे खालून उचलून धरणाऱ्या मुली, असतात. मुख्य बेस टाच आणि चवडा धरते, दुसरी तिच्या समोर उभी राहून पावलाच्या मधल्या भागाला आधार देते, आणि मागची घोटा पकडते. त्या हंगामात दुसरी बेस नवीन होती; आधीचीचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं होतं. ही मुलगी मुख्य बेसपेक्षा चांगली तीनेक इंचांनी उंच. हात खांद्यापाशी असताना तो फरक कोपर वाकवून मिटायचा. दोघींनी हात पूर्ण सरळ केले की नवीच्या बाजूचा तळवा वर राहायचा आणि भाचीचं पाऊल तिरपं व्हायचं. जमिनीवर बसून बघितलं तर ते तळवे स्पष्ट दिसत होते. वरच्या पोरीला ते बघता येत नव्हतं, पण तिच्या घोट्याला कळत होतं. तिचा गुडघा वाकत होता कारण तिरप्या जागेवर ताठ उभं राहणं धोक्याचं आहे हे तिच्या शरीरानं ओळखलं होतं.

उपाय साधा होता. उंच मुलीला मुख्य बेस केलं, दुसरीनं तळव्याऐवजी तिच्या मनगटाला खालून आधार द्यायचा. पण प्रशिक्षकानं लगेच वर चढवलं नाही. कंबरेच्या उंचीवर लिबर्टी, मग खांद्याच्या, मग पुन्हा कंबरेच्या. मुली कुरकुरल्या. एवढं सोपं आम्ही गेल्या वर्षीच केलं. प्रशिक्षकाचं म्हणणं असं की हात नवे आहेत, त्यांची भाचीच्या पावलाशी ओळख अजून व्हायची आहे, आणि ती ओळख खालीच करून घ्यायची. पूर्ण उंचीला पोचायला नंतर फार वेळ लागला नाही. ज्या दिवशी लिबर्टी उभा राहिला त्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या पोर म्हणाली, ‘‘मावशी, आज पाऊल सपाट होतं.’’ आपण घाबरलो नाही, असं ती म्हणाली नाही.

तेव्हापासून मला मुलांना ‘घाबरू नकोस’ म्हणायला जड जातं. लहान मुलाला भीतीचं कारण सांगता येत नाही, म्हणून आपण ती मनाची समजतो. उंचीची भीती असती तर ती एक्स्टेन्शनमध्येही दिसली असती. पडण्याची असती तर खांद्याच्या लिबर्टीतही दिसली असती. ती फक्त एका जागी, एका क्षणी येत होती, आणि म्हणूनच तिला एक कारण होतं. मोठ्यांनी धीर दिला की मूल भीती लपवायला शिकतं, कारण धीर देणाऱ्याला निराश करायचं नसतं. मग घोट्याची बातमी आपल्यापर्यंत येतच नाही. धीटपणा शिकवण्यापेक्षा नेमकं सांगायला शिकवणं जास्त उपयोगी, असं मला आता ठामपणे वाटतं.

याचा अर्थ सगळी भीती खरीच असते असा नाही. कधी ती गेल्या आठवड्याच्या पडण्याची उरलेली असते, कधी स्पर्धेच्या दिव्यांची. पण शोधल्याशिवाय हे कळत नाही, आणि शोधायला वेळ द्यावा लागतो.

घरी आम्ही काय करतो ते सांगते, कारण अनेक आया विचारतात. घरी स्टंट करत नाही, अजिबात नाही. अंगणात, कार्पेटवर, ट्रॅम्पोलिनवर दोघी-तिघींनी मिळून एकीला उचलायचं हे इथल्या वाढदिवसांना सर्रास चालतं, आणि ते मला बघवत नाही. घरी फक्त उभं राहणं. घडी घातलेल्या जाड गादीवर एका पायावर, कारण गादी हलते आणि घोट्याच्या बारीक स्नायूंना काम मिळतं. गुडघा ताठ, पण मागे ढकललेला नको. डोळे समोर. मी आठ मोजते, तसे चार वेळा, मग पाय बदल. स्टंटचा पायही बदलता यायला हवा, नाहीतर एकच कंबर आणि एकच गुडघा वर्षानुवर्षं राबतो. हील स्ट्रेचमध्ये, म्हणजे एक पाय कानापाशी धरून उभं राहण्यात, सगळ्या मुली पाय हातानं ओढतात आणि उभ्या पायाची कंबर बाहेर फेकतात. फोटोत पाय उंच दिसतो, पण खालच्यांच्या हातात सगळा भार एका कडेला जातो. पाय आधी हात न लावता जेवढा उचलता येईल तेवढा उचलायचा, तिथे धरायचा, आणि मगच हातात घ्यायचा. मल्लखांबात आमच्याकडून लवचिकतेच्या आधी ताकद करून घेत, ती शिस्त इथे कामी आली. स्कॉर्पियनसारख्या प्रकारात पाठ मागे फार वाकते. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांना त्यानं बारीक तडे जाऊ शकतात. पाठीत एका ठरावीक जागी दुखतं असं मूल म्हणालं तर ते स्नायूचं दुखणं समजून चोळत बसू नये, डॉक्टरला दाखवावं.

उतरणं तर चढण्याच्याही आधी शिकवायला हवं. क्रेडलमध्ये फ्लायरला वर उडवून पाठीवर झेलतात. तिनं हवेत ताठ राहायचं, मग कमरेत किंचित दुमडायचं आणि हात झेलणाऱ्यांच्या खांद्यांवर टाकायचे. पडताना जमिनीकडे हात करायचे नाहीत. मनगट आणि कोपर तिथेच मोडतात. खालच्यांसाठी नियम एकच आहे, काहीही झालं तरी तिला जमिनीवर येऊ द्यायचं नाही, स्वतः खाली पडावं लागलं तरी. बारा वर्षांची मुलगी मैत्रिणीखाली स्वतःचं अंग घालते हे मी बघितलं आहे. तिला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण प्रेक्षक वर बघत होते.

या खेळातले धोके खरे आहेत आणि ते मान्य व्हायला फार वर्षं गेली. अमेरिकेत मुलींच्या खेळांतल्या डोकं-मानेच्या अत्यंत गंभीर दुखापतींची नोंद नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातलं केंद्र ठेवतं, आणि त्या नोंदींत चीअरलीडिंगचा वाटा दीर्घकाळ मोठा राहिला आहे. मार्च २००६ मध्ये सेंट लुइसला बास्केटबॉलच्या सामन्यात सदर्न इलिनॉय विद्यापीठाची एक चीअरलीडर मनोऱ्यावरून सुमारे पंधरा फूट खाली लाकडी फरशीवर डोक्यावर पडली. मानेचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवरून नेताना बँडनं विद्यापीठाचं गीत वाजवलं तशी ती बांधलेल्या अवस्थेत हातांच्या हालचाली करत राहिली. देशभर तिच्या जिद्दीचं कौतुक झालं. मला ते चित्र आठवलं की वाईट वाटतं. त्या मुलीचं धैर्य मोठंच, पण अशा वेळी तिनं हात हलवू नयेत हे तिला आधी कुणी शिकवायला हवं होतं, आणि मानेच्या दुखापतीत हसत राहणं ही कौतुकाची गोष्ट नाही हे मोठ्यांनी म्हणायला हवं होतं. त्यानंतर महाविद्यालयीन सामन्यांत गादीशिवाय उंच मनोऱ्यांवर आणि बास्केट टॉसवर, म्हणजे फ्लायरला उंच हवेत फेकण्यावर, बंधनं आली. २०१० साली कनेक्टिकटमधल्या एका संघराज्य न्यायालयानं स्पर्धात्मक चीअर अजून खेळ म्हणून मोजण्याइतपत संघटित नाही असं ठरवलं. दोनच वर्षांनी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं उलट बाजूनं सांगितलं, की याला खेळ माना, म्हणजे या मुलींना प्रशिक्षित मार्गदर्शक आणि वैद्यकीय मदत मिळेल. मनोरा दोन माणसांपेक्षा उंच नको. कडक, ओल्या, उंचसखल जागेवर स्टंट नको. बालरोगतज्ज्ञांचं हे म्हणणं मी छापून बहिणीच्या फ्रिजवर लावलं आहे.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे सगळं वाचताना दहीहंडी आठवणारच. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना थरांत घ्यायला आणि वीस फुटांपेक्षा उंच थर लावायला मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परत आलं, आणि २०१७ साली राज्य सरकारनं चौदा वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही असं न्यायालयात सांगितलं; उंचीचं बंधन उरलं नाही. वय आणि उंची मोजता येतात, म्हणून वाद त्यांच्याभोवती फिरतो, आणि ते बंधन असायला हवं असंच माझं मत आहे. पण दर वर्षी बालगोविंदा वर चढताना बघून मला आणखी एक प्रश्न पडतो. चौथ्या थरावर पोचलेल्या पोरानं ‘मला उतरवा’ म्हटलं, तर ढोलांच्या आवाजात ते ऐकणारं खाली कोण असतं? भाचीच्या जिममध्ये ‘डाउन’ हा शब्द चौघींपैकी कुणीही म्हणू शकते आणि म्हटल्यावर चर्चा नसते, लगेच उतरवतात. का म्हटलंस ते नंतर, गादीवर बसून. या एका नियमासाठी मी तिथे पैसे भरायला तयार आहे.

आता वजनाबद्दल. फ्लायर बारीकच हवी हे या खेळात उघड बोललं जातं, आणि वाढीच्या वयातल्या मुलीच्या कानावर ते पडणं घातक आहे. खाणं कमी करणारी मुलगी फक्त हलकी होत नाही, तिची हाडं कमकुवत होतात, पाळी लांबते किंवा थांबते, आणि जो गुडघा ताठ धरायचा त्यातली ताकद जाते. उचलणाऱ्यांना जड जाते ती बहुतेक वेळा सैल पडलेली मुलगी. आवळून उभी असलेली मुलगी चार किलो जास्त असली तरी हलकी लागते, हे कुठलीही बेस सांगेल. आमच्या घरी वजनकाटा न्हाणीघरातून काढून टाकला. गणपतीत मोदक, दिवाळीत चकली, सगळं तिच्या ताटात असतं. मंडळातल्या काकू प्रेमानंच म्हणतात, ‘‘अगं किती वाळलीस,’’ आणि पुढच्या वर्षी, ‘‘हं, आता भरलीस.’’ दोन्ही वाक्यं तिच्या मनात राहतात. मी त्या काकूंना बाजूला घेऊन सांगते. काहींना राग येतो, येऊ दे.

गेल्या वर्षभरात भाची झपाट्यानं उंच झाली. पाय लांबले, गुडघ्याखाली दुखायला लागलं, जुना तोल नव्या शरीरात बसेना. बहिणीला वाईट वाटलं. इतकी मेहनत केली आणि आता तिला खाली उभं करणार. प्रशिक्षकानं तिला काढलं नाही, पण लहान गटातल्या एका चिमुरडीची बेस म्हणूनही शिकायला लावलं. पहिले काही आठवडे पोर रुसलेली होती. मग एकदा हायवेवरच्या गर्दीत गाडी थांबलेली असताना तिनं दोन्ही तळवे पुढे करून मला दाखवलं, चिमुरडीची टाच कुठे बसते, चवडा कुठे. ‘‘तिचा घोटा थरथरायला लागला की मला हातात आधीच कळतं, मावशी. तिला स्वतःला कळायच्या आधी. मग मी डाउन म्हणते.’’

‘‘आणि ती काय म्हणते?’’

‘‘ती म्हणते मी घाबरले नव्हते. मग मी विचारते, मग कुठे दुखलं?’’

मे महिन्यात पुढच्या हंगामाच्या निवडी आहेत. अर्जावर फ्लायर आणि बेस असे दोन वेगळे रकाने असतात. तिनं दोन्हींवर खूण केली आहे. बहीण अजून फ्लायरचाच आग्रह धरते आहे, आणि त्यावर आमचं रोज बोलणं चालू आहे.